तू कोण? शुभवर्तमानांतील पहिला परिचय



उकव्यास नवा मनुष्य आला म्हणजे त्याला प्रथम नाव विचारण्याची रीत नाही. "कुठले?" हा पहिला प्रश्न. त्यामागून "कोणत्या पाळीला?" मग आडनाव, आणि नावाची पाळी सर्वांच्या शेवटी. मँगनीजच्या खाणीने नाना गावची माणसे येथे एकत्र आणली. गोंड व बैगा तर या डोंगरांतील मूळचेच. पोवारी, गोंडी, हिंदी आणि मराठी या चारही बोली एका नळावर कानी पडतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्यप्रदेशातील विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिले. तेव्हापासून येथील मराठी कुटुंबास "कुठले?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना क्षणभर थांबावे लागते. गोव्याकडे आमच्या कोंकणीत हाच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारतात. "तूं खंयचो?" म्हणजे गाव सांग, आणि "तूं कोणाचो?" म्हणजे घराणे सांग. दोहोंचे उत्तर मिळाले की विचारणारा निश्चिंत होतो. आपल्याला मनुष्य कळला असे त्याला वाटते.

मनुष्य खरोखरच कळला काय, हा प्रश्न ज्या ग्रंथांत आरंभापासून अखेरपर्यंत खेळविलेला आढळतो, त्यांत ख्रिस्ती लोकांची चार शुभवर्तमाने येतात. मार्क, मत्तय, लूक आणि योहान या चौघांच्या नावे ती प्रसिद्ध आहेत. धर्मोपदेश करणे हा आमचा येथे हेतू नाही. नाटकात पात्राचा प्रवेश कसा होतो, त्याच्याविषयी पहिला उद्गार कोणाच्या तोंडी घातला आहे, हे जसे आपण वर्गात पाहतो, तसेच येथे पाहावयाचे आहे. चरित्रनायक एकच, परंतु चौघांनी त्याला वाचकांपुढे चार निरनिराळ्या दारांनी आणले आहे.

बहुतेक अभ्यासक मार्काचे शुभवर्तमान सर्वांत जुने, इसवी सन ७० च्या सुमाराचे मानतात. त्यात जन्मकथा नाही, वंशावळ नाही, बाळपण नाही. आरंभी दिसतो तो बाप्तिस्मा करणारा योहान, आणि त्याचाही परिचय वेषावरून करून दिला आहे: अंगात उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेस कातड्याचा पट्टा. यहुदी वाचकास एवढे पुरेसे होते. प्राचीन काळचा एलीया संदेष्टा असाच केसाळ वस्त्र नेसून कमरेस चामड्याचा पट्टा बांधीत असे, हे त्याच्या धर्मग्रंथात त्याने वाचलेले होते. मग येशू येतो. गालीलातील नासरेथ गावाहून आला, एवढेच मार्क सांगतो, "कोणाचो?" या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. ते उत्तर नदीत स्नान होताच आकाशवाणीने मिळते.

येथे व्याकरणाचा एक लहानसा मुद्दा आहे. मार्काच्या ग्रंथात ही वाणी द्वितीय पुरुषात आहे. ती येशूशी बोलते आणि तू माझा प्रिय पुत्र आहेस असे त्याला सांगते. काठावरच्या लोकांना काही ऐकू आले असे मार्क म्हणत नाही. मत्तयाने हाच प्रसंग लिहिताना तृतीय पुरुष योजला आहे. तेथे ती वाणी जणू जमावास उद्देशून, हा माझा पुत्र, अशी ओळख करून देते. एका सर्वनामाच्या फरकाने खाजगी गोष्ट जाहीर झाली. सर्वनामांचा पाठ कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

मार्काच्या कथेत परिणाम असा होतो की, नायक कोण हे वाचकास ठाऊक असते आणि कथेतील माणसांना ठाऊक नसते. कफर्णहूमच्या सभास्थानात त्याला प्रथम ओळखतो तो एका पछाडलेल्या मनुष्यातील अशुद्ध आत्मा. ओळख बरोबर असूनही येशू त्याला गप्प राहण्यास सांगतो. पुढेही असे वारंवार घडते. विल्यम व्रेडे या जर्मन पंडिताने १९०१ साली या गुप्ततेवर एक ग्रंथच लिहिला आणि त्यावरचा वाद अद्याप संपलेला नाही. आम्हास वाटते ते असे की, कथेच्या आरंभी उच्चारलेले खरे नावही मार्काला अपुरे वाटते. पेत्र हा प्रमुख शिष्य पुढे एकदा, तू मशीहा आहेस, असे म्हणतो. परंतु मशीहाला दुःख भोगावे लागेल हे ऐकताच तो विरोध करतो आणि कडक बोलणी खातो. नाव बरोबर, पण त्याचा अर्थ चुकीचा! मनुष्याच्या तोंडून देवपुत्र हा शब्द निघतो तो अगदी अखेरीस, आणि तोही वधस्तंभाजवळ उभ्या असलेल्या रोमन शताधिपतीच्या तोंडून, म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली तो वध झाला त्याच्याच.

याच मार्काच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे गावकरी येशूचा परिचय आपल्या परीने देतात. हा सुतार, मरीयेचा मुलगा, अमक्या अमक्या चार भावांचा भाऊ, याच्या बहिणी येथेच राहतात. या माहितीत खोटे काहीच नाही. धंदा, आई, भावंडे, पत्ता, सर्व काही नोंदवहीत लिहिण्याजोगे. आणि तरीही लेखक दाखवितो की, एवढी सगळी माहिती असल्यामुळेच त्यांना तो दिसला नाही. बापाचे नाव न घेता आईचे घेणे हा त्या काळी हेटाळणीचा प्रकार होता की बाप हयात नव्हता म्हणून सहज तसे म्हटले, याविषयी मतभेद आहेत. मत्तयाने तेच वाक्य देताना 'सुताराचा मुलगा' असा बदल केला आहे, त्यावरून मार्काचा शब्द त्यालाही खटकला असावा.

आईच्या नावाने ओळख देणे आपल्याकडे मात्र नेहमीच कमीपणाचे नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एक प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात राजमाता गौतमी बलश्री आपल्या दिवंगत पुत्राचे गुणवर्णन करते. तो पुत्र म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी, आणि लेख कोरला गेला तेव्हा राज्यावर असलेला नातूही वासिष्ठीपुत्र पुळुमावी या नावानेच इतिहासास ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावामागून आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहिण्याचे ठरविले. सातवाहनांना त्यात नवल वाटले नसते.

मत्तयाचे दार म्हणजे राजवाड्याचे दार. पहिल्याच वाक्यात तो दावीद राजाचा आणि अब्राहाम या मूळपुरुषाचा वंशज म्हणून येशूची ओळख देतो आणि मग चौदा चौदा पिढ्यांचे तीन गट मांडतो. इब्री लिपीत अक्षरांना अंकांचे मूल्य असते आणि दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीज चौदा होते. तेव्हा ही संख्या सहज आलेली नसावी. (हौशी विद्यार्थ्यांनी नावे मोजून पाहावीत. तिसऱ्या गटात एक पिढी कमी भरते आणि त्यावर पंडितांनी पुष्कळ तर्क लढविले आहेत.)

अशा वंशावळीत स्त्रियांची नावे येण्याचे कारण नव्हते. येतात मात्र चार, मरीयेखेरीज. तामार, यरीहो नगरातील वेश्या राहाब, मोआबी विधवा रूथ, आणि चौथी. राहाब व रूथ तर उघडच परक्या जातीच्या. कुलीन घराण्याचा परिचय देणारा मनुष्य अशी नावे सहसा गाळतो. आपल्याकडील कुळांच्या कैफियती वाचणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. मत्तयाने ती मुद्दाम घातली. चौथीचे तर त्याने नावच दिलेले नाही. उरीयाची बायको एवढेच म्हटले आहे. तिचे नाव बथशेबा. उरीया हा दावीदाच्या सैन्यातील हित्ती योद्धा. त्याच्या पत्नीवर राजाची नजर गेली आणि राजाने त्याला युद्धाच्या तोंडी देऊन मरविले. मत्तय तिला दावीदाची राणी म्हणू शकला असता. राजाच्या वंशावळीत मारलेल्या नवऱ्याचे नाव कायमचे कोरून ठेवणारा हा लेखक वरवर वाटतो तितका भाबडा नव्हे.

लूकही वंशावळ देतो, परंतु ती उलट दिशेने, पुत्राकडून पित्याकडे चढत जाते आणि अब्राहामापाशी न थांबता आदामापर्यंत पोहोचते. म्हणजे यहुदी कुळाचा परिचय अखिल मानवजातीचा परिचय होतो. त्याच्या ग्रंथात येशूचा पहिला उद्गार बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडचा आहे. यरुशलेमेच्या मंदिरात मागे राहिलेला मुलगा तीन दिवसांनी सापडतो; आई म्हणते की तुझा पिता आणि मी तुला शोधून कष्टी झालो, आणि मुलगा उत्तर देतो ते निराळ्याच पित्याच्या घराविषयी. एकच शब्द, दोन माणसे, दोन अर्थ. आणि आईबापांना तो समजला नाही असे लूक प्रांजळपणे लिहितो.

आता योहानाचे शुभवर्तमान. हे चौघांत सर्वांत शेवटचे मानले जाते, आणि परिचयांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध. त्याचा आरंभ सृष्टीच्याही पूर्वीपासून, 'शब्दा'पासून होतो. परंतु त्या उंचीवरून लेखक एकदम चौकशीच्या खोलीत उतरतो. यरुशलेमेहून याजक व लेवी आले आहेत आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला, तू कोण, असे विचारीत आहेत. तो तीन नकार देतो. मशीहा नव्हे, एलीया नव्हे, तो संदेष्टाही नव्हे. आपल्या बृहदारण्यक उपनिषदातील 'नेति नेति' येथे कोणासही आठवेल. फरक इतकाच की तेथे ब्रह्माविषयी नकार आहेत, येथे एक मनुष्य आपल्यावर लादली जाणारी मोठी नावे परत करीत आहे. ज्याच्या वेषावरून मार्काने एलीया सुचविला, तोच येथे तोंडाने एलीया नव्हे म्हणतो. शेवटी, फार आग्रह झाल्यावर, आपण रानातली एक वाणी आहोत असे तो सांगतो. योहान वाणी आणि येशू शब्द, हा भेद संत ऑगस्टीन यांनी पूर्वीच उलगडून दाखविला आहे: ध्वनी हवेत विरून जातो, अर्थ मनात राहतो.

लगेच पुढे अंद्रिया येतो, आणि त्याचा परिचय 'शिमोन पेत्राचा भाऊ' असा आहे. मौज अशी की शिमोन पेत्राचा कथेत अद्याप प्रवेशच झालेला नाही. अंद्रियाच त्याला आणणार आहे! तुकाराममहाराजांचे धाकटे बंधू कान्होबा यांच्या अभंगांतील 'तुकयाबंधु' ही नाममुद्रा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना धाकट्या कीर्तीची ही रीत परिचयाची वाटेल. मग नथनेल. तो मूळचा कानाचा, म्हणजे नासरेथच्या आसपासच्याच एका गावचा. नासरेथचे नाव ऐकताच तो नाक मुरडतो. तेथून काही चांगले निघेल काय, असे विचारतो. शेजारगावाविषयी असे बोलणे सर्व देशांत चालते, आणि ते दूरच्या शत्रूपेक्षा जवळच्या शेजाऱ्याच्या तोंडी अधिक असते. फिलिप्प त्याच्याशी वाद घालीत नाही. येऊन पाहा, एवढेच म्हणतो.

आणि शिमोन? त्याला पाहताच येशू त्याचे नाव बदलतो. तू योहानाचा मुलगा शिमोन, तुला केफा म्हणतील. केफा म्हणजे खडक. त्याचेच ग्रीक रूप पेत्र.

येथे कोंकणी मनुष्यास थोडे थांबावेच लागते. नव्या धर्माबरोबर नवे नाव ही गोष्ट आमच्या साष्टी-बारदेशात पोथीतली नव्हे, घराघरांतली आहे. सोळाव्या शतकात बाप्तिस्मा झालेल्यांना पोर्तुगीज नावे मिळाली; आडनावे पुष्कळदा धर्मपित्याची अथवा पाद्रीची. त्याच शतकाच्या सातव्या दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली, आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायसभा बसली, ती १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चालू होती. गालीलच्या कोळ्याला नाव दिले गेले तेव्हा देणाऱ्याच्या पाठीशी शिपाई नव्हते. नाव देणारा कोण आणि त्याच्या हाती काय आहे, हे पाहिल्यावाचून नव्या नावाचा विचार करू नये, असे आमचे मत आहे.

याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. तो १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापला गेला; मराठी वाचकांना तो देवनागरीत छापील स्वरूपात १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, मिळाला. कोंकणीचे पहिले छापील व्याकरणही त्याचेच. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघाले. अनोळखी पुरुषाचा मराठी श्रोत्यास पहिला परिचय कसा करून द्यावा, हा प्रश्न स्टीफन्सपुढे प्रत्यक्ष उभा होता. ग्रंथारंभी तो एक प्रसंग घालतो: साष्टीतील देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश चालला असता एक ब्राह्मण उठून विनवितो की, जुनी पुराणे आम्हास वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी वाचावयास आमच्या भाषेत काही द्यावे. आमच्या मते सबंध पुराणातील सर्वांत खरा आवाज हा आहे. ज्याच्या घरातून पोथी गेली, तो पोथी मागतो आहे.

स्टीफन्सने चौघांपैकी कोणाचेच दार सरळ उघडले नाही. त्याचे पहिले पुराण सृष्ट्युत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगते. ख्रिस्तचरित्र दुसऱ्या पुराणात येते. परिचयाची भाषाही त्याने इथलीच घेतली: आरंभीचे नमन पुराणिकांच्या थाटाचे, छंद ओवीचा, आणि स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'. मराठी भाषेची त्याने जी स्तुती केली आहे, ती तर पाठ्यपुस्तकांमुळे आपणा सर्वांस ठाऊक आहे. राज्यकर्त्यांच्या धर्माचा हा प्रचारक होता, हे विसरता येत नाही. आणि आमच्या बोलीचे व्याकरण प्रथम त्यानेच लिहिले, हेही विसरता येत नाही. दोन्ही गोष्टी त्याच्या परिचयात शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनात एका विहिरीपाशी बसून एका स्त्रीजवळ पाणी मागतो. तिचे पहिले वाक्य ओळखीचेच आहे: तू यहुदी असून मज शोमरोनी स्त्रीजवळ पाणी कसे मागतोस? यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, असे लेखक खुलासा करतो. हा खुलासा परदेशी वाचकांसाठी असेल. भारतीय वाचकास त्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले, तेव्हा पाण्याच्या काठावर मनुष्याची पहिली ओळख कशाने होते, हे साऱ्या देशाने पाहिले. त्या अध्यायात संभाषण वाढत जाते तसतसे ती स्त्री येशूला निरनिराळ्या शब्दांनी ओळखू लागते: प्रथम नुसता यहुदी, मग महाराज, मग संदेष्टा, मग मशीहा असेल काय अशी शंका. एवढे शब्द बदलतात, पण तिचे स्वतःचे नाव मात्र आपणास अखेरपर्यंत कळत नाही. याच ग्रंथातील एक शिष्यही निनावी आहे. 'येशूचा आवडता शिष्य' एवढीच त्याची ओळख. नामदेवांची दासी म्हणून स्वतःला ओळखविणाऱ्या जनाबाईंनी निदान आपले नाव जोडले होते.

बोलीचाही उल्लेख केला पाहिजे. येशूला पकडून नेल्यावर पेत्र अंगणात शेकत बसतो आणि मी त्या मनुष्याला ओळखत नाही असे पुनःपुन्हा सांगतो. नाव लपविता आले, गाव लपविता आले, पण मत्तय म्हणतो त्याप्रमाणे त्याच्या बोलण्यावरून भोवतालच्या लोकांनी तो त्यांच्यापैकीच असल्याचे ताडले. गालीली उच्चार त्याला लपविता आले नाहीत. आमच्या मराठीतील अनुनासिके ऐकून वर्गातील मुले पहिल्याच तासाला हसतात, तेव्हा पेत्राविषयी आम्हास विशेष सहानुभूती वाटते.

योहानाच्या ग्रंथात येशूचा अगदी पहिला उद्गार एक प्रश्न आहे. मागून येणाऱ्या दोघांना तो, तुम्ही काय शोधता, असे विचारतो. विसाव्या अध्यायात, मृत्यूनंतरच्या पहाटे, मरीया मग्दालीया कबरेपाशी रडत असता तोच प्रश्न थोडा बदलून येतो, कोणाला शोधतेस. ती त्याला माळी समजते. मग तो तिला फक्त नावाने हाक मारतो आणि ती ओळखते. येथे वंशावळ नाही, गाव नाही, धंदा तर चुकीचाच धरलेला. तिला नवे नावही दिलेले नाही. तिचे होते तेच उच्चारले आहे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी मार्काचा पहिला व सहावा अध्याय, मत्तयाचा पहिला आणि योहानाचा पहिला, चौथा व विसावा हे अध्याय एकापुढे एक ठेवून वाचावेत आणि प्रत्येक ठिकाणी ओळख करून देणारा कोण आहे, हे समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे.